रॉसला कापायचं कशानं

शनिवारी आम्ही बायका अल्बम सजवायला जमतो त्या हॉलचं दार उघडायच्या आधीच ग्लेनिस पायरीवर उभी होती. टंबी बे या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात ती सतरा वर्षं टपाल वाटत होती. एका जागी बसणं तिला कधी जमलंच नाही. त्यात उद्या तिच्या आईचा ऐंशीवा वाढदिवस, आणि आईसाठी सजवलेल्या अल्बमचं शेवटचं पान अजून कोरं.

त्या पानावर तिचा धाकटा भाऊ लायल यायचा होता. बोट उलटून तो गेला त्याला अकरा वर्षं झाली. धक्क्यावर उभा राहून हसणारा लायल एवढ्या एकाच फोटोत होता. अडचण त्याच्या शेजारी होती: रॉस, ग्लेनिसला सोडून गेलेला नवरा. ते तोंड मला अल्बममध्ये दिसता कामा नये, असं आईनं निक्षून सांगितलं होतं.

म्हणजे कापायचं. कशानं, यावर आमच्या टेबलाभोवती एकमत होईना. व्हेन्डानं आपला ट्रिमर पुढे सरकवला. फोटो पट्टीखाली धरायचा, पातं ओढायचं, रेघ सरळ. पण रॉसचा हात लायलच्या खांद्यावर होता. सरळ रेघेत खांदाही गेला असता. मग बारीक टोकाची कात्री आली. ग्लेनिसनं तिच्यात बोटं अडकवली, काढली, पुन्हा अडकवली. उठून हात धुऊन आली. चहा ओतला आणि तसाच ठेवला.

"अगं, घटस्फोटाला एवढा वेळ लावला नव्हतास," व्हेन्डा म्हणाली.

ग्लेनिस हसली, पण टेबलाखाली तिचा पाय हलतच राहिला. शेवटी तिनं नोलीनकडे पेनसारखी सुरी मागितली. नोलीन आमच्यात सगळ्यात जुनी. सुरी, पोलादी पट्टी आणि खाली घ्यायची चटई, बाकी काही विकत घेऊ नका, असं ती नव्या बायकांना बजावायची. तिनं सुरीला नवं पातं बसवलं, फोटो उलटून पाहिला आणि सुरी स्वतःजवळच ठेवली. जाड पांढऱ्या किनारीचा फोटो होता तो, कॅमेऱ्यातून तिथल्या तिथे निघालेला. निगेटिव्ह नाही. दुकानातून आणलेली प्रत इतकी काळवंडलेली की लायलचे डोळेच दिसत नव्हते.

"याला कापलंस तर थर सुटतील," नोलीन म्हणाली. " मी लेकीच्या बाप्तिस्म्याचा कापला होता, हौसेनं, बदामाच्या आकारात. वर्षभरात पापुद्रा निघाला. तिचं तोंडच गेलं."

ग्लेनिस दारापर्यंत जाऊन परत आली. "मग काय करू?"

"फोटो नको, त्याच्यावर ठेवायचा कागद काप."

जाड निळ्या कागदात ग्लेनिसनं खिडकी कापायला घेतली. पहिल्यांदा जोर जास्त झाला, कोपरा फाटला. दुसऱ्यांदा पट्टीला टेकवून हलक्या हातानं तीनदा सुरी फिरवली. खिडकी लायलवर नेमकी बसली, रॉस निळ्याआड गेला. खांद्यावरची चार बोटं मात्र राहिली.

व्हेन्डानं त्यांच्यावर चिकटवायला जहाजाचा कागदी नांगर शोधून काढला. ग्लेनिसनं तो बाजूला सारला.

"नको. लायल पहिल्यांदाच मासेमारीहून आला होता, पाय लटपटत होते त्याचे. यानं धरलं म्हणून उभा तरी राहिला."

"आणि आईनं विचारलं, हात कुणाचा?"

"विचारेलच." ती उठली, पुन्हा बसली. "सांगेन. रागावली तर रागावू दे."

आणि तिनं खिडकीच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी लावायला घेतली.