पारूचा दुसरा उकार

गुऱ्हाळावर किस्से चिपाडांसारखे साठतात. एक जाळायला ओढावा, तर मागून चार घसरून येतात. मी सात-आठ हंगाम चुलवाणापुढं बसलो. काम एकच. रस काढून वाळलेली चिपाडं आत सारायची आणि रस आटवायच्या मोठ्या कायलीखालचा जाळ एकसारखा ठेवायचा. बोलायची गरज नव्हती, म्हणून ते काम मला मानवलं. आणि गप्प माणसापुढं लोक सगळं बोलतात!

आमचं गुऱ्हाळ शिराळ्याच्या खालच्या अंगाला, वारणेकाठी होतं. आता तिथून डांबरी रस्ता गेलाय. मी सांगतोय तो हंगाम दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरचा. गूळ उतरवणारा गुळव्या म्हणजे दौलूतात्या, आणि पारू त्यांची लेक. तिची सोयरीक सांगलीला जुळत आली होती. मुलगा तिनं एकदाच पाहिला होता, पण तो तिला आवडला होता आणि हे ती लपवत नव्हती. तात्या सारखे बजावायचे, "पोरी, बोलणी पक्की हुस्तवर तुझं नाव कुणाच्या तोंडी येता कामा न्हाई." सोयरीक मोडायला तेव्हा तेवढंच पुरायचं.

आणि नेमक्या त्याच हंगामात सगळ्यांना पारू दिसायला लागली! गुऱ्हाळावर एकांत कुठला? रस प्यायला निम्मं गाव. ज्याला जे सांगायचं, ते चारचौघांतच.

०००

पहिला पांडू फौजी. मिसर देशात दोन वर्षं काढून रजेवर आलेला. वीस-एक माणसं बसली असताना रसाचा तांब्या हातात धरून तो उभा राहिला आणि म्हणाला, "पारू, तिकडं वाळवंटात मला निस्ती तूच दिसायचीस!"

कायली ढवळणारा तात्यांचा हात तसाच थांबला.

पारूचे चुलते हवालदार. त्यांची कवायत ती लहानपणापासून बघत आलेली. तिनं घागर खाली ठेवली आणि ओरडली, "अटेन्शन!"

पांडू ताठ. तांब्या पालथा.

"अबाउट टर्न! क्विक मार्च!"

गडी वळला आणि उसाच्या सरीतून हात हलवत चालायला लागला. पार पलीकडच्या बांधापर्यंत गेला. परत यायची सोयच नव्हती. कारण 'हॉल्ट' कुणी म्हणालंच नव्हतं!

०००

दुसरा शिरपा गाडीवान. एकदा भर दुपारी उसानं भरलेल्या गाडीवर बसून येत होता. पुढं वाटेनं पारू चालली होती आणि तिच्या मागं गोदाआत्या. आत्यांची सत्तरी उलटलेली, कानानं निम्म्या. शिरपानं वरूनच हाळी दिली, "अगं ये, माझ्यासंगं लगीन करशील काय?"

पारू थांबलीच नाही. आत्या मात्र थांबल्या. पदर सारखा केला, मान वर करून शिरपाकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "पोरांस्नी इचारून सांगते!"

शिरपानं त्या दिवसापासून वाट बदलली. आत्यांची पोरं चार, आणि चारी पैलवान!

०००

इथवर सगळं गावातच राहिलं. पण बंडू तिसरी शिकलेला. तो बादल्यांत गूळ ओतून ढेपा पाडायचा. त्यानं तोंडानं काहीच सांगितलं नाही. ढेप ओली असताना खिळा घेतला आणि तिच्यावर पारूचं नाव कोरलं. वर फडकं गुंडाळलं. आम्हाला पत्ता नाही!

ती ढेप गाडीत घालून सांगलीला मीच नेली. तिथला सौदा बघण्यासारखा. दोघं रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात आणि भाव ठरतो. तोंडातून शब्द नाही. अशा बाजारात एका दलालानं फडकं सोडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "पारु!"

सगळा बाजार हसला. एक व्यापारी म्हणाला, "मला पारु छापच पाहिजे!"

न हसणारा एकच माणूस होता. गुळाचं वजन करणारे येसूअण्णा तोलार. पारूचे होणारे सासरे!

त्यांनी मला विचारलं, "दौलूच्या पोरीचं नाव बी पारूच न्हवं रं?"

मी मुळातच सावकाश बोलणारा. काय सांगावं हे ठरेपर्यंत शेजारचा, आमच्याच गावचा हमाल म्हणाला, "पारूच की!"

"आयतवारी येतो म्हणावं," अण्णा म्हणाले. "पोराला घिऊन."

०००

मी येऊन सांगितलं. तात्या डोकं धरून बसले. पारू रडेल असं मला वाटलं. ती माझ्यापुढं येऊन उकिडवी बसली.

"नामा, शाळंत किती गेलास?"

"दोन वर्सं."

"मग मला माझं नाव शिकव. आयतवारच्या आत."

चुलवाणातली राख पुढं ओढून मी काटकीनं दोन अक्षरं काढली. चार दिवस ती गिरवत होती. राख विस्कटायची, मी पुन्हा सारखी करायचो. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "बंडूनं कसं काढलं व्हतं?"

मी तेही काढून दाखवलं. "त्यानं रूला पयला उकार दिला. पायजे दुसरा."

ती तशीच उठली, सगळ्यांदेखत बंडूपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या नावात दुसरा उकार असतोय, बंडूदादा!"

'दादा' ऐकल्यावर बंडूच्या हातातली बादलीच निसटली.

०००

आयतवारी येसूअण्णा आले. बरोबर मुलगा. पुढं ठेवलेल्या रसाला अण्णांनी हात लावला नाही. माणसं जमली होतीच.

"ढेपंवर पोरीचं नाव कुणी काढलं?"

बंडू खाली बघायला लागला. पारू पुढं आली. "म्या काढलं. माझ्या बाच्या हातचा गूळ, वर माझं नाव."

"तुला लिवाय येतंय?"

"येतंय की."

अण्णांनी खिळा मागवला. एक कोमट ढेप तिच्यापुढं सरकवली. "लिव."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी तिला बरोबर उकार शिकवला होता, आणि अण्णांनी बाजारात बघितला होता तो चुकलेला. बरोबर लिहिलं की ती खोटी ठरणार! हे तिला सांगायचं कसं? मधे पंधरा माणसं.

पारूनं सावकाश 'पा' काढला. मग 'र'. थोडी थांबली. आणि त्याला पहिला उकार दिला.

अण्णा वाकून बघत होते. "ह्येच! ह्येच अक्षर!" म्हणाले आणि त्यांनी रसाचा तांब्या तोंडाला लावला.

मुलगा सांगलीत दुकानात चिठ्ठ्या लिहायला होता. तो हळूच म्हणाला, "पर उकार चुकलाय. रूला दुसरा असतोय."

सगळे पारूकडं बघायला लागले. तिनं खिळा पदराला पुसला, मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली,

"मग तुमी शिकवा की!"

सगळं गुऱ्हाळ हसलं. मी चुलवाणाकडं तोंड केलं आणि चिपाडं सारायला लागलो.