सहाव्या पानावरची आई

त्याचं वायरमन हे नाव त्याच्या आईनेच ठेवलं. परदेशातल्या मोठ्या इस्पितळात आपण नेमकं काय करतो, हे त्याने तिला फोनवर अर्धा तास समजावलं होतं. हृदयात वीज असते, ती ठरलेल्या वाटेने धावते, वाट चुकली की ठोके भलतेच पडतात. मग मांडीच्या नसेतून बारीक तार वर न्यायची, बिघाडाची जागा शोधायची आणि तेवढीच जाळून टाकायची. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे एवढं शिकून शेवटी वायरमनच झालास की!" धाकट्या बहिणीने ते उचललं, मग बायकोने, आणि पन्नाशीचा हा डॉक्टर घरच्यांपुरता कायमचा वायरमन झाला.

तिथवर पोचायला त्याला चौदा वर्षं लागली होती. मायदेशी त्याचा स्वतःचा दवाखाना होता आणि संध्याकाळी बाकावर बसायला जागा नसायची. एकतिसाव्या वर्षी बायकोच्या नोकरीमागे तो परदेशात गेला, तेव्हा कळलं की तिथे त्याच्या पदवीला कोणी हिंग लावूनही विचारत नाही. सगळ्या परीक्षा पुन्हा द्यायच्या होत्या. तोवर एका इस्पितळात कार्डिओग्राम काढायचं काम मिळालं. छातीला पट्ट्या चिकटवायच्या, कागद फाडायचा, वरच्या मजल्यावर पोचवायचा. वाचायचा नाही. हजारो छात्या तपासलेल्या माणसाला पेशंट "ओ पट्टीवाले" म्हणून हाक मारत. पदरी पडलं पवित्र झालं म्हणत त्याने दोन वर्षं काढली. आईला तो "हृदयाच्या विभागात आहे" एवढंच सांगायचा. ते खोटं नव्हतं.

वरच्या मजल्यावर एक खाष्ट डॉक्टरबाई बसत. दोन ठोक्यांमधलं अंतर त्या शाळेतल्यासारख्या कर्कटकाने मोजत, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे कर्कटकबाई म्हणत. एक दिवस कागद देताना त्याला राहवलं नाही. "हे मधलं अंतर वाढत चाललंय. या माणसाला घरी सोडू नका," तो बोलून गेला आणि जीभ चावली. बाईंनी कर्कटक लावलं, दोनदा मोजलं.

"पट्टी लावणाऱ्याला हे कोणी शिकवलं?"

"पट्टी लावायच्या आधी मी डॉक्टर होतो."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत त्याची शिकवणी सुरू झाली. परीक्षा सुटल्या. दहा वर्षांनी लहान पोरांच्या बरोबरीने त्याने पुन्हा उमेदवारी केली, त्यांच्याकडून बोलणी खाल्ली, आणि शेवटी बाईंच्याच हाताखाली हृदयाच्या तालाचा डॉक्टर झाला. बाईंनी त्याला कामाचा एक नियम घालून दिला. पेसमेकरचा रिपोर्ट सहा पानी येतो. ताल, बॅटरी, तार हे सगळं पहिल्या दोन पानांत असतं, पुढचं कंपनीने हौसेने छापलेलं. दिवसाला चाळीस रिपोर्ट उरकायचे असतील तर तिसरं पान उलटायचं नाही. त्याने तो नियम तंतोतंत पाळला. चांगल्या गुरूकडून लागलेली वाईट सवय सुटता सुटत नाही, कारण ती वाईट आहे असं मनातच येत नाही.

मग आईला चक्कर येऊ लागली. ठोके मंदावले होते. मायदेशी त्याचा वर्गमित्र हृदयाचा डॉक्टर होता, त्याने पेसमेकर बसवला. पलंगाशेजारी एक छोटी पेटी आली. ती आईच्या हृदयाची खबर वर्गमित्राच्या इस्पितळात पोचवायची आणि तिथून दर महिन्याला सहा पानी रिपोर्ट वायरमनकडे यायचा. वायरमन पहिली दोन पानं वाचायचा आणि रविवारी फोन करायचा.

"उत्तम आहे, आई. घड्याळासारखा ताल आहे तुझा."

"हो का? मला तर हल्ली फार दमायला होतं रे."

"वयानुसार होणारच थोडं. रिपोर्ट एकदम छान आहे."

"मग माझंच काहीतरी चुकत असेल," ती म्हणायची आणि नातवाची चौकशी करायची.

पेसमेकर बसल्यावर दोन महिन्यांनी तो यायचा होता. तिकीट काढलं, दिवस सांगितला, आणि त्याच आठवड्यात त्याच्या इस्पितळात नवं यंत्र बसायचं ठरलं आणि जाणं रद्द झालं. सहा महिन्यांनी पुन्हा ठरलं, तेव्हा कर्कटकबाई निवृत्त झाल्या आणि विभाग त्याच्या गळ्यात पडला. कारणं खरी होती, तोलामोलाची होती. आणि मनात एक गोड समजूत होती की आईवर आपली नजर आहेच. जवळ राहणाऱ्या मुलांना तरी आईचा एकेक ठोका कुठे दिसतो? लांब राहणाऱ्याला अशी समजूत फार सोयीची पडते. त्याने तिसरं तिकीट काढलं.

त्या तारखेच्या तीन आठवडे आधी बहिणीचा फोन आला. आई मोरीत कोसळली होती. अंगात रक्त जेमतेम निम्मं उरलं होतं. आतड्यात गाठ होती, तिच्यातून कधीपासून थेंब थेंब रक्त गळत होतं आणि आता ती यकृतापर्यंत पसरली होती. तो मिळेल त्या विमानाने आला. आई नऊ दिवस होती, त्यातला बराच वेळ झोपेत. एकदा जागी झाली तेव्हा त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "रडतोस काय? तुझी वायर चांगली टिकली बघ."

ती गेल्यावर आठवड्याने दोघं भावंडं तिचं कपाट आवरत होती. बहिणीने एक जाड फाइल बाहेर काढली. आई दर महिन्याचा रिपोर्ट तिला इस्पितळातून छापून आणायला लावायची, अगदी सहाच्या सहा पानं. त्यातलं काही कळत नव्हतं, पण मुलगा हे वाचतो म्हणून जपून ठेवायची.

"मी तिला दवाखान्यात नेणार होते, दादा. दोनदा," बहीण म्हणाली. "पण तू म्हणालास सगळं छान आहे. मग मी तिलाच ओरडले, की दादापेक्षा तुला जास्त कळतं का?"

शरमेने तो नुसता पानं उलटत राहिला, म्हणून शेवटच्या रिपोर्टचं सहावं पान त्याच्यासमोर आलं. त्यावर चौदा महिन्यांचा एक आलेख होता. माणूस दिवसाला किती तास हलतो, चालतो हे पेसमेकर मोजतो, त्याचा आलेख. सुरुवातीला रोजचे चार तास होते. मग तीन, मग दीड, आणि शेवटी वीस मिनिटं. जिना उतरावा तशी आई खाली खाली येत गेली होती. शिकाऊ पोराच्याही हे लक्षात आलं असतं आणि त्याने विचारलं असतं, की या बाई दिवसभर पडून का असतात?

त्या उतारावर दोन ठिकाणी रेघ एकदम सहा तासांवर चढली होती. त्याने तारखा बहिणीला वाचून दाखवल्या. "तेव्हा काय करत होती ती?"

बहिणीला आठवावं लागलं नाही. "तू येणार होतास. पडदे धुतले, गाद्यांना ऊन दाखवलं, तुझी खोली दोनदा पुसली. मी बस म्हटलं तरी ऐकेना. दुसऱ्या वेळीही तेच."

त्याने पुढचे महिने पाहिले. तिसऱ्या तिकिटाची तारीख त्याने आईला सांगितली तो दिवस सापडला. त्या आठवड्यात रेघ जागची हलली नव्हती.

"तिसऱ्या वेळी काहीच नाही केलं?"

"नाही. म्हणाली, आला की बघू."

त्याने त्या सपाट रेघेवर बोट ठेवलं. रेघ बघून माणसाच्या आत काय चाललंय ते सांगायचं, यात त्याचं सारं आयुष्य गेलं होतं.

"तिच्यात तेव्हा ताकद नव्हती," त्याने विचारलं, "की मी येईन असं तिला वाटतच नव्हतं?"

बहिणीने त्याच्या हातातून पान काढून घेतलं, फाइलमध्ये लावलं आणि फाइलची दोरी बांधली.

"ते मला नको विचारूस, दादा," ती म्हणाली.