नाल्यावरचा खांब आणि माझा उजवा घोटा

"हाड शाबूत आहे. पण घोटा सैल पडलाय," वाशीमच्या डॉक्टरांनी माझा पाय हातात धरून, इकडे तिकडे वाकवून पाहत सांगितलं. "याला क्रॉनिक अँकल इन्स्टेबिलिटी म्हणतात."

म्हणजे असं, की घोटा एकदा जोरात मुरगळतो आणि तो पुरता बरा होण्याआधीच आपण कामाला लागतो. हाडांना बांधून ठेवणारे पट्टे ढिले राहतात आणि मग पाय पुन्हा पुन्हा दगा देतो. मला वर्षभरात चार वेळा दिला.

चौथ्यांदा पडलो तो नाल्यावर. आमचं भाजीचं वावर आसेगावजवळ, नाल्यापलीकडे. पूल नाही. विजेचा एक जुना सिमेंटचा खांब आडवा टाकलेला आहे, त्यावरूनच जायचं. मी वांग्यांच्या टोपल्यासकट खाली गेलो.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी सगळी टोपली बायको, शोभा, एकटीच डोक्यावरून आणायची. मी अलीकडे बसून मेथीच्या जुड्या बांधायचो. तिची मान दुखायला लागली. शेवटी ठरलं, हिवाळा संपेपर्यंत पाय सुधारला नाही तर वावर दुसऱ्याला कसायला द्यायचं. त्यातला एकेक गोटा मी हाताने वेचलेला. ते बोलणं ऐकून मला जेवण जाईना.

डॉक्टरांनी फिजिओथेरपीच्या मॅडमकडे पाठवलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी खांबाची हकीकत ऐकून घेतली आणि दोन तऱ्हेचे व्यायाम दिले. पहिले ताकदीचे: चवड्यांवर उभं राहून टाचा उचलायच्या, रबरी पट्टा पावलाने बाहेर ताणायचा. दुसरे तोलाचे: एका पायावर उभं राहायचं. आधी फरशीवर, मग घडी केलेल्या गोधडीवर, मग डोळे मिटून.

मी गावातला जुना कबड्डीवाला. ताकदीचे व्यायाम सांगितल्याच्या दुप्पट केले, वर माझ्याच मनाने उठाबशा. एका पायावरचं मात्र दोनच दिवस. अंगणात उभा होतो, शेजारी ओरडला, "काय भाऊ, बगळा झाले काय? मासोया पकडून राह्यले?" झालं, मी ते बंद केलं.

दीड महिन्याने तपासणी. पोटऱ्या दगडासारख्या, मी खुशीत. मॅडमनी एका पायावर उभं केलं. पाच मोजेपर्यंत मी टेबल धरलं.

"हे रोज करत होतात ना, काका?"

"हो."

"कायले खोटं बोलता?" कोपऱ्यातून शोभा. "त्याइले लोकायची लाज वाटते, मॅडम."

मॅडम रागावल्या नाहीत. "काकू, तुम्ही राहा बरं उभ्या."

शोभाने चप्पल काढली, पदर खोचला, एक पाय उचलला आणि उभी राहिली. मॅडमनी डोळे मिटायला सांगितले, तिने मिटले. वर त्याच अवस्थेत विचारते, "मॅडम, आमाले साडेबाराची बस भेटन काय?" पुरता एक मिनिट झाल्यावर मॅडमनीच तिला पाय टेकायला सांगितला.

"काका, ताकद तुमची भरपूर आहे, ती लागतेच," मॅडम म्हणाल्या. "पण पाऊल कलतंय हे मेंदूला कळवणारी एक जाणीव असते, प्रोप्रियोसेप्शन. दुखापतीनंतर ती मंदावते. नुसत्या उठाबशांनी ती परत येत नाही. तोल सावरूनच सावरायला शिकावं लागतं. काकू रोज खांबावर तेच करतात."

इतकी वर्षं ती ओझं घेऊन माझ्यासमोरून तो खांब ओलांडत होती आणि मी कौतुक केलं ते माझ्या पोटऱ्यांचं. लाज वाटली. आणि खरं सांगतो, त्याहून जास्त अभिमान वाटला तिचा.

दुसऱ्या दिवसापासून अंगणातच, भिंतीजवळ, चारचौघांदेखत. शोभा मास्तरीण. "अजून दहा मोजा, गोधडी पळून नाही चालली," हा तिचा धाक. सुरुवातीला पाऊल थरथरायचं. मग थरथर कमी झाली. महिन्याने गोधडीवर डोळे मिटून उभा राहू लागलो.

ज्यांचा पाय असा वारंवार मुरगळतो त्यांना माझं एवढंच सांगणं: सूज उतरली म्हणजे बरं झालं असं धरू नका. तपासून घ्या, ताकदीसोबत तोलाचा व्यायाम विचारून घ्या, आणि भिंत हाताशी ठेवा. हसणारे हसू देत.

मॅडमनी परवानगी दिल्यावर आधी रिकाम्या हाताने खांब ओलांडला, आठ दिवस. मग बाजाराच्या दिवशी वांग्यांचं टोपलं डोक्यावर घेतलं. शोभा अलीकडच्या काठावर उभी. मधोमध पाऊल कललं. मला कळायच्या आत घोट्याने स्वतःच सावरलं.

टोपलं तिच्यासमोर ठेवलं. तिने डोळे पुसले आणि पाय पसरून गवतावर बसली. मी नाल्यावर पडल्यापासून बाजाराच्या दिवशी तिला बसलेलं पाहिलं नव्हतं.

"आता मी बसते जरा," ती म्हणाली. "बाकीचे तुमीच आना."

मी पुन्हा खांबावर पाऊल ठेवलं. अजून सहा टोपली पलीकडे होती.