तिसरा ड्रम कुणाचा?

गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढणाऱ्या त्या पोराला सगळे ठोक्या म्हणत. दिवसभर पत्रा ठोकायचा आणि संध्याकाळी मावसभावाच्या पंक बँडमध्ये ड्रम. त्यांचं गाणं दीड-दोन मिनिटांतच आटपायचं, कारण मध्येच ठोक्याचा हात सुटायचा आणि बाकीच्यांना जीव खाऊन त्याच्यामागे पळावं लागायचं. गर्दी त्या पळापळीवरच फिदा होती.

एका मोठ्या म्युझिक कंपनीनं अल्बमसाठी बँडला उचललं. स्टुडिओत ठोक्याच्या कानात टिकटिक लावली आणि त्या तालात वाजव म्हणाले. तो दर वेळी पुढे निघून गेला. शेवटी साउंडवाला म्हणाला, "झालं, हवं ते मिळालं. जा घरी." ठोक्या खूश होऊन घरी आला.

आज अल्बम निघाला. गॅरेजच्या उस्तादनं काम थांबवून फोन स्पीकरला जोडला. ठोक्याची बहीण डबा द्यायला आली होती, तीही टायरवर बसली.

गाणं सुरू झालं. ठोक्या मान डोलवत होता. मध्येच ठोके एकामागोमाग तीन ड्रमवरून घरंगळत खाली आले, धाड, धूड, धम. त्याची मान थांबली. त्याच्या सेटला वरचे दोनच ड्रम होते. हा तिसरा कुठून आला? तो कान देऊन ऐकू लागला. गाणं शेवटपर्यंत कुठेच पळालं नाही.

"भूत बघितलंस का रे?" उस्ताद म्हणाला. "झकास वाजवलंयस. हात बसला तुझा."

ठोक्यानं बाहेर जाऊन मावसभावाला फोन लावला.

"दादा, ड्रम कुणी वाजवलेत?"

"कंपनीनं एक माणूस आणला होता. एका दिवसात उरकलं त्यानं. तुला सांगणारच होतो."

"बाकीच्यांना माहीत होतं?"

"अरे, नाव तुझंच आहे ना कव्हरवर? आणि शनिवारच्या कार्यक्रमात तसंच वाजव बाबा. लोक आता तेच ऐकायला येणार."

"मग त्यालाच बोलव," ठोक्या म्हणाला आणि त्यानं फोन कापला.

आत बहीण उस्तादला सांगत होती, "हा बघा, हा आमच्याच पोराचा हात. जेवताना ताटावरसुद्धा असाच चालतो."

ठोक्यानं जाऊन स्पीकरची वायर उपटली.

"तो मी नाहीये," तो म्हणाला.

उस्ताद हसायला लागला होता, तो अर्ध्यावरच थांबला.