हवालदारनानांची डिझेल जीप

“ह्यो अन्याव हाय!” असं म्हणून हवालदारनाना जीपच्या बॉनेटवर मूठ आपटायचे. अन्याय कसलाही असू शकायचा. चहात साखर कमी पडली, रस्त्यात म्हैस आडवी बसली, नट गंजून फिरेना, की मूठ आपटलीच. बॉनेटला त्या जागी खळगा पडला होता. त्यात दव साचायचं आणि चिमण्या येऊन प्यायच्या. नानांना तेही खपायचं नाही. “माझ्याच गाडीवर पानी पितात आनि माझ्याच गाडीवर घान करतात. ह्यो अन्याव न्हाई तर काय?”

तुम्हीही असा एखादा सतत रागावलेला माणूस पाहिला असेल. त्याच्या रागाला हसला असाल. आम्हीही हसायचो. आज मला वाटतं, आमच्या वाडीत खरा राग येणारा तो एकच माणूस होता. बाकीच्यांना तो यायला हवा होता तेव्हाही आला नाही. मला हे नीट मांडता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि लिहिण्याची मला सवयही नाही. पण कुणीतरी सांगायला हवं.

आमची वाडी कुंडलपासून दोन कोसांवर. दोन्ही बाजूंनी ऊस, मधून गाडीवाट. वाडीत शाळा सातवीपर्यंत. पुढं कुंडलचं हायस्कूल. एस.टी. यायची ती शाळा भरून गेल्यावर. मुलगे सायकलवरून जायचे. मुलीनं सायकल चालवायची म्हणजे काय, हा प्रश्नसुद्धा कुणी विचारत नव्हतं. त्यामुळं सातवी झालेली मुलगी खुरपं घेऊन शेतात जायची आणि दोन-तीन वर्षांत मुंडावळ्या बांधून सासरी.

माझीही सातवी झाली तेव्हा नाना आमच्या अंगणात आले. लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झालेला माणूस. पायदळात होते, गाड्यांशी संबंध मागून धूळ खाण्यापुरता. पण लष्कराच्या लिलावात एक जुनी जीप घेतली होती आणि तिच्यातून रोज सकाळी कुंडलच्या डेअरीला दुधाचे कॅन न्यायचे. माझ्या वडलांना म्हणाले, “सकाळची गाडी रिकामीच जाती. पोरगी बसंल की.”

वडील घुटमळले. “लोकं काय म्हनतील, नाना?”

“लोकं लय म्हनतात. मी हाय न्हवं गाडीत?”

गाडी रिकामी जात नव्हती. मागं पाय ठेवायला जागा नसायची, इतके कॅन. पहिल्या दिवशी मी दोन कॅनच्या मधे उभी राहिले. मग माझ्या वर्गातली शालन आली. मग आणखी चौघी. आम्ही जशा वाढलो तसे कॅन पुढं नानांच्या शेजारी आणि बॉनेटवर गेले. एखादी मुलगी वेळेवर आली नाही तर नाना तिच्या दारात जीप उभी करून भोंगा वाजवत बसायचे. घरातून आई ओरडायची, “आवं नाना, आज तिला धुनं हाय!” नाना भोंग्यावरचा हात काढायचे नाहीत. धुणं तसंच टाकून मुलगी यायची.

मी दहावीत गेले त्या साली पेट्रोल असं महागलं, की नानांना दूध नेणं परवडेना. डेअरीत दुसरा कुणी टेम्पोनं दूध नेतो म्हणाला. नानांनी कॅन त्याला दिले. आता खरंच जीप रिकामी जाणार होती आणि जायचं काही कारणच उरलं नव्हतं. आम्ही समजून गेलो.

पण दिवाळीच्या सुट्टीत नाना बैलगाडीतून एक काळं, तेलकट धूड घेऊन आले. कुठल्याशा चेपलेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन. डिझेल त्या वेळी पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होतं. “पेट्रोलचं काळीज काढायचं नि ह्ये घालायचं,” नाना म्हणाले. जणू कुडत्याची गुंडी बदलायची होती.

मदतीला फिटर बापू. पंचक्रोशीतल्या विहिरींवरची इंजिनं यानंच बसवलेली. मोटारीचं काम त्यानं कधी केलं नव्हतं, नानांनीही नाही. पण विहिरीत जड इंजिन उतरवायचं कसं, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तीन लाकडी वासे एकत्र बांधून तिकटी उभी केली, तिला साखळीची पुली अडकवली आणि नानांच्या अंगणात जीपचं जुनं इंजिन हवेत लोंबकळू लागलं. सगळी वाडी बघायला. नानी, म्हणजे नानांची मंडळी, चुलीवरून उठून आल्या आणि म्हणाल्या, “आता ह्यात पीठ दळनार का काय?”

इंजिनाची भोकं गिअरबॉक्सच्या भोकांशी जुळेनात. मग मधे बसवायला एक जाड लोखंडी चकती कुपवाडच्या एका कारखान्यातून लेथवर करून आणली. ती बसली. नंतर भांडण झालं ते इंजिन आवळण्यावरून.

“बापू, जुन्याखाली रबर व्हतं रं,” नाना म्हणाले.

“रबर कशाला? इंजिन घट पायजे. हिरीवर मी सिमिटात बोल्ट पुरतो. इंजिन केसभर हललं तर लोकं मला फिटर म्हनतील व्हय?”

“गाडी म्हंजी हीर न्हवं गड्या.”

“इंजिन त्ये इंजिन. तुमी बंदूक सांभाळा, नाना.”

बापूनं इंजिन थेट सांगाड्यावर आवळलं. त्याच्या आयुष्यात त्यानं जमिनीतून न हलणारी इंजिनंच बसवली होती. हे इंजिन स्वतः चालत जाणार, हे त्याच्या हाताला पटत नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही उतारावरून ढकलून जीप चालू केली. काय सांगू तुम्हाला! सगळी जीप हिव भरल्यासारखी थरथरू लागली. आरसा गळून पडला. शाईच्या दौतीचं बूच उडालं. शालन काहीतरी सांगत होती, पण तिचे शब्द तुकड्या-तुकड्यांनी बाहेर येत होते. नानींनी बहिणीकडं द्यायला म्हणून एक तांब्या ताक दिलं होतं, त्यावर कुंडलला पोचेस्तोवर लोण्याचे कण तरंगले. नाना उतरले, तांब्यात बघितलं आणि पहिल्यांदाच मूठ न आपटता म्हणाले, “ह्ये मातर बेस झालं.”

चौथ्या-पाचव्या दिवशी बोल्ट तुटला आणि सांगाड्याला चीर गेली. मग ट्रकच्या जुन्या टायरचे जाड तुकडे कापून इंजिनाखाली घातले, चीर वेल्डिंगनं सांधली, जड इंजिनानं पुढच्या स्प्रिंगचे पाटे बसले होते त्यात आणखी एकेक पाटा घातला. बापू दोन दिवस जेवला नाही म्हणे. पण त्यानंतर जीप चालली. हळू चालली, धूर ओकत चालली, पण रोज चालली. सहाही जणी रोज शाळेत.

आणि इथंच ते सुरू झालं, ज्याचा मला आजही संताप येतो.

पेट्रोलची जीप गुपचूप जायची. डिझेल इंजिनाचा आवाज मात्र पार ओढ्यापलीकडं जायचा. आम्ही शाळेत जातो, हे आता रोज सकाळी सगळ्या वाडीला ऐकू येऊ लागलं. तोवर ज्यांनी आमच्याकडं काणाडोळा केला होता, त्यांना आता करता येईना. कुणी म्हणालं, आवाजानं म्हशी पान्हा चोरतात. कुणी म्हणालं, धुरानं कपडे काळे होतात. ज्यांच्या विहिरीवर तसलंच इंजिन दिवसभर धडधडायचं, तेच हे म्हणायचे! त्यानं कधी कुणाच्या म्हशीचा पान्हा आटला नव्हता.

वाडीच्या सोसायटीचे चेअरमन एकदा पारावर नानांना म्हणाले, “हवालदार, पोरी तुमच्या न्हाईत, गाडी तुमची हाय. उद्या काय झालं तर?”

“काय हुनार?”

“आता काय सांगावं. वयात आलेल्या पोरी.”

“तुमचा पोरगा बी वयात आलाय. त्यो रोज फटफटीवर सांगलीला जातोय. त्याला काय हुनार त्ये आधी सांगा.”

लोक हसले. चेअरमनही हसले. तेव्हा त्यांच्या डोळ्यांकडं कुणी पाहिलं नाही.

जानेवारी संपता-संपता कुंडलच्या अलीकडच्या फाट्यावर मोटार-कचेरीचा साहेब उभा होता. त्यानं बॉनेट उघडायला लावलं, इंजिनावरचा नंबर पाहिला, गाडीच्या पुस्तकातला पाहिला. जुळत नव्हता. कुणीतरी निनावी तक्रार केली होती. कायद्यानं चूक नानांची होती, हे मी मान्य करते. इंजिन बदललं की कचेरीत नोंद करावी लागते. त्यांनी ती केली नव्हती. “गाडी माजी, इंजिन माजं, सायबाला काय सांगायचं?” एवढाच त्यांचा हिशेब. पण आमच्या भागात उसाच्या हंगामात फिरणाऱ्या अशा कितीतरी जीप होत्या. खुद्द चेअरमनच्या मेहुण्याची होती. त्यांतली एकही कधी अडवली गेली नाही. अडली ती मुलींची.

साहेबानं आम्हाला खाली उतरवलं आणि जीप सांगलीला नेली. आम्ही सहा जणी दप्तरं घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या. नानांनी मूठ उगारली, पण आपटायला बॉनेट नव्हतं. हात तसाच खाली आला.

नंतर त्यांनी सांगलीला किती हेलपाटे घातले! इंजिन कुणाकडून घेतलं त्याचा कागद आणा, म्हणाले. टेम्पोचा मालक गाव सोडून कर्नाटकात गेला होता. कागद मिळेना. दहावीची परीक्षा महिन्यावर आली. वाडीत लगेच बोलणी झाली, “देवाचीच इच्छा नसंल.” तीन मुली त्याच आठवड्यात घरी बसल्या. चौथीला बघायला पाहुणे आले.

मी आणि शालन राहिलो. माझे वडील रात्रभर कूस बदलत होते. सकाळी दाराशी नाना उभे. हातात काठी, पायात लष्करी बूट. गुडघा दुखरा, वय साठीचं.

“चला.”

“कशानं, नाना?” मी विचारलं.

“पायानं. मी पायदळात व्हतो. तुमचा मास्तर इचारंल, गाडी कुटं हाय, तर सांगा, सायेबाच्या दारात बसलीया आनि आमी तिच्या आधी पोचलो.”

परीक्षा संपेपर्यंत रोज दोन कोस जाऊन दोन कोस परत. ते पुढं, आम्ही मागं. सायकलवरची मुलं घंटी वाजवत बाजूनं जायची. त्यांतला एक ओरडला, “हवालदार, फौज लई बारकी झाली!” नाना वळलेसुद्धा नाहीत. मला म्हणाले, “भूगोल म्हन.” मी नद्या म्हणत चालले. कृष्णा, कोयना, वारणा, येरळा. एखादी विसरले की ते थांबायचे आणि आठवेपर्यंत पाऊल उचलायचे नाहीत. उतार आला की गुडघ्यावर हात दाबायचे, तोंडातून आवाज काढायचे नाहीत. एवढ्या-तेवढ्यावर रागावणारा माणूस त्या दिवसांत कशावरच रागावला नाही. त्याचीच मला भीती वाटायची.

आम्ही दोघी पास झालो. शालनचं वैशाखात लग्न झालं. माझ्या वडलांनी मात्र कुणाला न विचारता मला साताऱ्याला कॉलेजात घातलं.

गेल्या पावसाळ्यात नाना गेले. मला दोन दिवसांनी कळलं. जीप सांगलीच्या कचेरीच्या आवारातच राहिली. तिच्यातून आता गवत उगवलंय असं बापू फिटर सांगत होता.

देवळापुढं शोकसभा झाली. अध्यक्ष चेअरमनच. खोटं नाही सांगत, ते उभे राहून म्हणाले, “आपल्या वाडीत स्त्रीशिक्षणाची गंगा आणणारा भगीरथ हरपला.” डोळे पुसले. लोकांनी माना हलवल्या. तेच लोक! ज्यांना धूर सोसत नव्हता, ज्यांच्या म्हशी पान्हा चोरत होत्या, ते सगळे मान हलवत होते.

मी उभी राहिले. चारचौघांत मी कधी बोललेले नाही. म्हणाले, “नानांची गाडी अजून सांगलीत उभी आहे. ती तक्रार कुणी केली, ते आज तरी…”

चेअरमन मधेच शांतपणे म्हणाले, “कॉलेजात शिकतीया लेकरू. बोलनारच. बस, बाळ.”

कुणीतरी हसलं. शोकसभेत! मी वडलांकडं पाहिलं. ते खाली बघत होते. बायकांच्या बाजूला नानी बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला, उठल्या, आणि सभेतून निघून गेल्या. त्यांच्यामागं बापू फिटर गेला. मग मी. आम्ही तिघंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याची गाडी पकडायला मी कुंडलला चालत निघाले. शाळेचीच वेळ होती. सायकली गेल्या. मुलगी एकही दिसली नाही. ओढ्याजवळ शालनची धाकटी बहीण बांधावरचं गवत कापत होती. नुकतीच तिची सातवी झाली होती. पहिला नंबर आला, असं ऐकलं होतं.

“आठवीत नाव घातलं का गं?” मी विचारलं.

तिनं विळा पुसला. “कुनासंगं जाऊ, ताई?”

मी तिच्या डोक्यावर भारा चढवायला हात दिला. ती वाडीकडं वळली आणि मी कुंडलकडं. बराच वेळ चालल्यावर मी वळून पाहिलं. रस्त्यावर माझ्या मागं कुणी नव्हतं, पुढंही कुणी नव्हतं.