सासूबाई आणि दुधाच्या गाडीचा पाठलाग

बायकोला कंपनीच्या कामासाठी बाड हॉम्बुर्गला जावं लागलं आणि पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत आलेल्या सासूबाईंची करमणूक माझ्यावर आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी माझ्या एकाही विनोदावर त्या हसलेल्या नव्हत्या. म्हणून गेर्लिंगेनजवळच्या लहानशा थिएटरात लागलेला एक ब्रिटिश विनोदी सिनेमा मी मुद्दाम निवडला. हाणामारीच्या सिनेमांची त्यात यथेच्छ टिंगल होती. मी नाही तर निदान इंग्रज तरी त्यांना हसवतील, असं वाटलं.

सिनेमा जर्मनमध्ये डब केलेला आहे, हे तिकिटं काढल्यावर कळलं.

"हरकत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा ना हळू आवाजात."

मी सांगू लागलो. नायक खेड्यातल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. काळा गॉगल, दोन्ही हातांत पिस्तुलं. खलनायक दूधवाल्याची विजेवरची गाडी घेऊन पळतो, नायक तसल्याच दुसऱ्या गाडीतून त्याच्या मागे. दोन्ही गाड्या इतक्या हळू, की काठी टेकत चाललेल्या एक आजीबाई त्यांना मागे टाकून जातात. थिएटर खदखदून हसत होतं. सोबत आलेली माझी मुलगी हसून हसून खुर्चीवरून घसरली. सासूबाई मात्र पर्स घट्ट धरून पुढे वाकल्या होत्या.

"सापडतो का हो तो?"

"आई, ही गंमत चाललीय."

"असू दे. सापडतो का ते सांगा."

मग नायकाचा मित्र गोळी लागून पडला. मरता मरता तो इतकं लांबलचक बोलत राहिला, की नायकानं मध्येच घड्याळ पाहिलं. मला हसू आवरेना. शेजारी सासूबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला होता. मागच्या रांगेतले काहीजण मोठ्यानं हसले, तशा त्या वळल्या आणि शांतपणे मराठीत म्हणाल्या, "माणूस जातोय तिथे."

मागची रांग गप्प झाली. एकानं तर माफीही मागितली. भाषा कळली नसेल, सूर कळला.

बाहेर पडल्यावर मुलगी जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते ही?"

"ते सगळं खोटं खोटं होतं, म्हणते."

"मला का ते कळत नाही?" सासूबाई म्हणाल्या. "पण त्या पोराचं घरी कोणी असेल की नाही?"

"या, गेनाऊ," हो, अगदी बरोबर, एवढंच माझ्या तोंडून जर्मनमध्ये निघालं.

दुसऱ्या दिवशी बायको परतली, तेव्हा सासूबाई सांगलीच्या बहिणीला फोनवर सिनेमा सांगत होत्या. "जावयांनी नेलं होतं. त्यातला हिरो फार गुणी मुलगा गं, वाचनालयात नोकरीला." त्यांच्या गोष्टीत दुधाच्या गाड्या भरधाव सुटल्या होत्या. काठीवाल्या आजीबाई नव्हत्याच. मित्राला मात्र एक म्हातारी, विधवा आई मिळाली होती. स्पीकरवर पलीकडून मावशींचे हुंदके ऐकू येत होते.

"कसला सिनेमा दाखवलास तिला?" बायकोनं विचारलं.

"विनोदी."

ती बॅग घेऊन आत गेली. मी चहाचा कप घेऊन दारातच थांबलो. त्या आईला मुलगा गेल्याचा निरोप द्यायला कोण जातं, ते मला ऐकायचं होतं.