दाखल्याला लागलेलं दीड वर्ष

माझ्या मुलीची जात पडताळणी मी दीड वर्ष लांबवली. आळस म्हणाल, तर तो माझ्यात नाही. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये मी तपासणीला आहे. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग मायक्रोमीटर लावून बघायचा, मापात असेल तर पुढे, नसेल तर बाजूला. सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावर माल पडून राहिलेला कुणी दाखवावा. घरातही तसंच, गॅसची नोंदणी म्हणा, टाकी धुणं म्हणा, सगळं वेळच्या वेळी. फक्त हे एक काम निघालं की मला दुसरी चार आठवायची.

काम तसं सरळ होतं. मुलगी अकरावी सायन्सला होती तेव्हाच कॉलेजनं पत्र दिलेलं, की पुढे प्रोफेशनल कोर्सला राखीव जागेवर जायचं असेल तर आत्ताच पडताळणी करून घ्या. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. कोपरच्या आमच्या घराचा नकाशा तिनं सहावीत असताना काढलेला आणि मोरी कुठं चुकलीय ते मला समजावून सांगितलेलं. पडताळणीला घराण्याचा पन्नास सालाच्या आधीचा पुरावा लागतो. आमचा तो एकाच ठिकाणी मिळण्यासारखा होता. मुरबाडच्या पुढे आमचं गाव आहे, तिथल्या शाळेत माझे वडील शिकले, त्या शाळेचं जुनं रजिस्टर. कल्याणहून एसटी पकडायची, अर्ज द्यायचा, उतारा घेऊन यायचं. एका दिवसाचं काम. तेवढं सोडून मी बाकी सगळं केलं.

नवी फाइल आणली. होते नव्हते तेवढ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्या. वंशावळ चांगल्या अक्षरात लिहिली, अक्षर आवडलं नाही म्हणून परत लिहिली. पडताळणीची साईट बंद असणार असं म्हणून साईट उघडलीच नाही. पावसाळ्यात घाटाकडचा रस्ता खराब, दिवाळीत शाळेला सुट्टी, मार्चमध्ये परीक्षा. कारण शोधायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

माझी बायको बालवाडीत शिकवते, पण जीभ तिखट आहे. एकदा चहा देता देता म्हणाली, "अहो, आपण मुहूर्त मानत नाही ना? आपलं लग्नसुद्धा रविवार बघून झालं. मग हे कशासाठी थांबलंय?"

मी उखडलो. "तुला बोलायला काय जातंय. सुट्टी कोण देणार मला?"

माझ्या सुट्ट्या ढीगभर शिल्लक होत्या. हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. ती कप उचलून आत गेली.

मुलीवर तर मी जास्तच तोंड सोडायचो. तिनं फाइलचा विषय काढला की म्हणायचो, "मार्क असे आण, की कुणाच्या सर्टिफिकेटची गरजच पडू नये." ऐकायला फार बाणेदार. मलाही ते तत्त्वच वाटायचं. पहिल्या पहिल्यांदा ती वाद घालायची. मग तिनं विचारणं बंद केलं, आणि मला काय, बरंच वाटलं.

तत्त्व-बित्त्व काही नव्हतं. खरी गोष्ट अशी, की मी आयटीआयला प्रवेश घ्यायला गेलेलो तेव्हा खिडकीवरच्या क्लार्कनं माझा कागद हातात घेऊन जात मोठ्यानं वाचली. त्याच्या मनात काही नसेलही, त्याला शेजारच्या टेबलावर लिहून घ्यायला सांगायचं होतं. माझ्या मागे माझ्याच वर्गातली दोन मुलं उभी होती. वर्षभर आम्ही एका डब्यातलं खाल्लेलं. एकजण म्हणाला, "अच्छा, म्हणून लागला काय नंबर." दहावीला मला त्या दोघांपेक्षा जास्त मार्क होते. ते मी तेव्हा बोललो नाही. नंतरही कधी बोललो नाही.

त्या दिवसापासून माझ्या आत एक गोष्ट पक्की बसली, ती अशी, की माझा कागद मिटलेला आहे तोवर मी हुशार. तो उघडला, की मी फुकटचा. ही समजूत मी कधी शब्दांत मांडली नव्हती. मांडली असती तर मलाच हसू आलं असतं. पण नोकरी शोधताना मी ओपनमधून अर्ज केले, बढतीची मुलाखत दोनदा चुकवली, आणि दोन्ही वेळा ताप आल्याचं सांगितलं. दिवसभर माल तपासणारा माणूस मी, पण स्वतः टेबलावर यायला तयार नाही.

मुलगी बारावी झाली. आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेत तिला चांगले मार्क पडले. अर्जाची मुदत शनिवारी संपत होती, आणि त्याला निदान पडताळणीसाठी अर्ज केल्याची पोच जोडायची होती. सोमवारी सकाळी बायकोनं माझ्यासमोर उभं राहून विचारलं, "उद्या गावाला तुम्ही जाताय की मी जाऊ?" आवाज चढवला नाही तिनं. तो चढवला असता तर मी भांडलो असतो आणि तो दिवसही गेला असता.

मंगळवारी मी गेलो. एसटीत फाइल मांडीवर घेऊन बसलो. पंचावन्नाव्या वर्षी शाळेत जायची भीती, सांगायचं कुणाला? शाळा आता पक्क्या इमारतीत आहे. मुख्याध्यापिका माझ्या भाचीच्या वयाची. मी अर्ज पुढे करून, तिनं काही म्हणायच्या आधीच म्हणालो, "मॅडम, नसेल मिळत तर राहू द्या."

"अहो काका, बघू तर द्या," ती म्हणाली.

तिनं कपाटातून फडक्यात बांधलेलं रजिस्टर काढलं, पानं जपून उलटली आणि बोट ठेवलं. मग वाचायला लागली. मोठ्यानं. वडिलांचं नाव, जन्मगाव, जात, दाखल झाल्याची तारीख. बाहेर व्हरांड्यात दुसरीची पोरं पाढे म्हणत होती. ती पाढेच म्हणत राहिली. कुणी वळून बघितलं नाही. मॅडम पुढे वाचत होत्या, "प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. शाळा सोडण्याचं कारण, मजुरीस गेला."

माझे वडील आयुष्यभर सांगत आले, की मला डोकंच नव्हतं, म्हणून मास्तरांनी घरी बसवलं. हसत हसत सांगायचे. आम्ही भावंडंही हसायचो. मला त्या खुर्चीत रडू आलं, आणि वडिलांचा रागही आला. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि उतारा लिहायला घेतला. वीस मिनिटांत माझ्या हातात शिक्का मारलेला कागद होता. दीड वर्ष मी ज्याला घाबरलो, ते काम वीस मिनिटांचं निघालं.

बुधवारी ऑनलाइन अर्ज भरला, शुक्रवारी ठाण्याच्या कार्यालयात कागद देऊन पोच घेतली. तिथल्या बाईंनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, "कागद छान लावलेत." एवढंच.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसलेली. मी पोच तिच्यासमोर ठेवली. तिनं ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "बाबा, मी बीएस्सीला ऍडमिशन घेतलंय. डोंबिवलीतच. सोमवारी."

मी बायकोकडे बघितलं. ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही.

"अगं, पण आर्किटेक्चर?"

"ते मला नाही झेपायचं."

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. पण तुम्ही एवढे वेळेचे पक्के. दीड वर्ष गेला नाहीत, म्हणजे तुम्हालाच वाटत असणार की हिच्यानं काही व्हायचं नाही. मार्क आण, मार्क आण म्हणायचात. मग मलाही तसंच वाटायला लागलं."

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. मग तिला सगळं सांगितलं, खिडकी, ती दोन मुलं, चुकवलेल्या मुलाखती, आजोबांची प्रगती चांगली. बायकोनं हातातली जुडी खाली ठेवली. तिलाही यातलं निम्मं नवीन होतं. शेवटी मी म्हणालो, "भीती मला माझी होती गं. तुझी कधीच नव्हती."

मुलीनं लॅपटॉप उघडला. दुसऱ्या दिवशी मुदत संपायच्या आत आम्ही अर्ज भरला, पुढे सीटही मिळाली, ते सगळं ठीक झालं. पण त्या संध्याकाळी साईट उघडेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

"सांगणार होतो," मी म्हणालो. "रोजच सांगणार होतो."